बारागाड्या

खानदेशात आणि मराठवाड्यातल्या काही गावांत यात्रेला बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांवर मावतील तेवढी माणसं चढवायची, आणि भगतानं त्या ओढायच्या. बैल नाहीतच. गाड्या कुणाच्या, कुठल्या सुताराच्या, आखाला वंगण आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. बघायचं ते एकच, ओढणारा कोण. या पुस्तकातल्या गोष्टीतही गाड्या बाराच आहेत. फक्त इथे सगळ्या गाड्या एकाच कारखान्यातून एकाच मापानं आलेल्या आहेत, आणि त्या पळवणारे बारा जण बारा वाटांचे.

मला मोटारशर्यतींतलं फार कळतं म्हणून ही प्रस्तावना माझ्याकडे आली, असं कुणी समजू नये. लेखक आणि मी वाळूजच्या एकाच कारखान्यात होतो. तो असेंब्लीला, मी तपासणीला. तीस वर्षं मी हातात गेज घेऊन एकच प्रश्न विचारत आलो : हा जॉब त्या जॉबसारखा आहे का? लेखकाचं म्हणणं असं, की सगळ्यांना एकसारख्या गाड्या देऊन खरा चालक शोधायचा, या कल्पनेवर बोलायला शर्यतीचा जाणकार नको, तपासणीतला माणूस हवा. युक्तिवाद मला पटला. शिवाय त्यानं चहा पाजला होता.

तर गोष्ट अशी. १९७३ साल. कॅलिफोर्नियातला रिव्हरसाइड हा वळणावळणांचा ट्रॅक. अमेरिकेत तेव्हा मोटारशर्यतींची तीन-चार वेगळी घराणी होती, आणि प्रत्येक घराण्याचा आपल्या लोकांबद्दलचा अभिमान आपल्याकडच्या गवय्यांच्या अभिमानाइतकाच कडवा. नॅस्कारवाले आपल्या रस्त्यावरच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या जड गाड्या अंडाकृती ट्रॅकवर पळवत. इंडियानापोलिसवाल्यांच्या गाड्या उघड्या चाकांच्या, वेग भयानक, वळणं डावीकडची. फॉर्म्युला वनवाले जगभर फिरत, डावं-उजवं दोन्ही वळत आणि इतरांना जरा गावंढळ समजत. स्पोर्ट्स कारवाल्यांना वाटे, की गाडीचं खरं शास्त्र आपल्यालाच कळतं. यांच्यातला थोर कोण, हा वाद पारावर कितीही रंगला तरी सुटायचा नाही, कारण प्रत्येक जण आपल्या गाडीत बसून आपल्याच मैदानावर जिंकत होता.

रॉजर पेन्स्के, लेस रिक्टर आणि माइक फेल्प्स यांनी यावर तोडगा काढला, आणि ‘इंटरनॅशनल रेस ऑफ चॅम्पियन्स’ ही मालिका उभी राहिली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘आयरॉक’ म्हणतात. पोर्शे कंपनीकडून ९११ करेरा आरएसआर या एकाच प्रकारच्या पंधरा गाड्या मागवल्या. बारा पळायला, तीन राखीव. टीव्हीवर ओळखू याव्यात म्हणून त्यांना वेगवेगळे भडक रंग दिले. आणि माणसं? १९७२चा जगज्जेता एमर्सन फिटिपाल्डी, १९६७चा जगज्जेता डेनी हल्म आणि पीटर रेव्हसन हे फॉर्म्युला वनमधले. रिचर्ड पेटी, डेव्हिड पीअर्सन, बॉबी अॅलिसन हे नॅस्कारचे. ए. जे. फॉइट, बॉबी अनसर, गॉर्डन जॉनकॉक, रॉजर मॅक्लस्की ही इंडीची मंडळी. मार्क डॉनह्यू आणि जॉर्ज फॉल्मर स्पोर्ट्स कारचे. यातला फॉइट खरं तर कुठल्याच एका कप्प्यात बसत नाही. त्यानं तोवर इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत तीनदा, डेटोनाची ५०० मैलांची एकदा आणि फ्रान्समधली २४ तासांची ल माँ एकदा जिंकलेली होती. गायकी, तबला आणि कीर्तन तिन्हींत पहिला नंबर काढावा, तसला हा माणूस.

गाड्यांचं वाटप चिठ्ठ्या टाकून झालं. पहिल्या शर्यतीत जो ज्या क्रमानं आला, त्याच्या उलट क्रमानं पुढच्या शर्यतीत उभं राहायचं, म्हणजे पुढे पळालेला मागे. ऑक्टोबरच्या शेवटी रिव्हरसाइडला तीन शर्यती झाल्या. पहिली आणि तिसरी डॉनह्यूनं जिंकली, मधली फॉल्मरनं. गुणांवरून सहा जण निवडले गेले, आणि फेब्रुवारी १९७४मध्ये डेटोनाला अंतिम शर्यत झाली. तीही डॉनह्यूचीच. दुसरा आला रेव्हसन.

निकाल वाचून मी लेखकाला फोन केला. म्हटलं, अरे, डॉनह्यू तर पोर्शेच्या घरचाच माणूस! त्याच १९७३मध्ये त्यानं पोर्शे ९१७/३० घेऊन कॅन-अॅम मालिका जिंकली होती, आणि ती गाडी घडवण्यात तो कंपनीच्या अभियंत्यांबरोबर कित्येक महिने राबला होता. शिवाय ज्या पेन्स्केनं ही मालिका उभी केली, त्याच्याच संघाचा तो चालक. या नव्या गाड्यांची तयारीही त्याच्या हाताखालून गेलेली. पोर्शेचं इंजिन मागच्या आखाच्याही मागे असतं. वळणात पाय अवेळी उचलला, की अशा गाडीची शेपटी पुढे यायला बघते. पेटी आणि पीअर्सन यांची हयात पुढे इंजिन असलेल्या जड गाड्यांत गेली. त्यांच्या हातापायांना वेगळीच सवय. गाड्या सारख्या होत्या, पण एकाला ती गाडी तळहातासारखी ठाऊक, आणि दुसऱ्याला सरावापुरती ओळख.

हे लिहिण्यात डॉनह्यूचं श्रेय कमी करायचा हेतू नाही. त्याचा अभ्यास हीच त्याची कला होती, आणि अभ्यास करणाऱ्याला ‘तुला आधीच माहीत होतं’ म्हणून बाद करायचं झालं तर शाळाच बंद कराव्या लागतील. पण पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात ‘यंत्राचा वाटा शून्य करून माणूस मोजण्याचा प्रयोग’ असं जे वाक्य आहे, त्याला माझा आक्षेप आहे. तो मी छापण्याआधी कळवला होता. लेखकानं वाक्य ठेवलं आणि मला म्हणाला, तुझा आक्षेप प्रस्तावनेत लिही. म्हणून लिहितो.

तपासणीत आम्ही ‘गो, नो-गो’ गेज वापरायचो. एक टोक जॉबमध्ये जायला पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही जमलं की जॉब पास. पण पास झालेले दोन जॉब सारखे असतात असा याचा अर्थ नाही. दोन्ही ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहेत, एवढाच अर्थ. एक खालच्या कडेला, एक वरच्या. अशा शेकडो भागांची मोटार जुळते, तेव्हा एका गाडीत सगळे भाग नशिबानं एकमेकांना मानवतात, दुसरीत थोडे कुरकुरतात. कागदावर दोघींत फरक शून्य. लाइनवरच्या माणसाला मात्र चावी फिरवल्याबरोबर कळतं. ‘ही चांगली बसलीय’ असं तो म्हणतो, आणि हा शब्द कुठल्याही तपासणी-पत्रकात नसतो. आयरॉकच्या लोकांनाही हे कळत असणार. नाहीतर चिठ्ठ्या कशाला टाकल्या असत्या? सगळ्या गाड्या खरोखर सारख्या असत्या, तर कोणतीही घ्या म्हटलं असतं. चिठ्ठी ही ‘फरक आहे, पण तो कुणाच्या वाट्याला जाईल ते आम्ही ठरवणार नाही’ याची कबुली आहे.

त्या बारा जणांतल्या दोघांचं पुढे काय झालं, ते लेखकानं तळटिपेत टाकलं आहे. मी असतो तर वर घेतलं असतं. डेटोनाला दुसरा आलेला रेव्हसन पुढच्याच महिन्यात, २२ मार्च १९७४ला, दक्षिण आफ्रिकेत क्यालामीच्या ट्रॅकवर सराव करताना गेला. डॉनह्यू ही मालिका जिंकून निवृत्त झाला होता. मग राहवलं नाही, परत आला, आणि ऑगस्ट १९७५मध्ये ऑस्ट्रियन ग्रां प्रीच्या सरावात झालेल्या अपघातानंतर दोन दिवसांनी वारला. त्या काळी हे वर्षाला घडत असे. पंधरांपैकी एक गाडी पुढे कोलंबियाचा अमली पदार्थांचा तस्कर पाब्लो एस्कोबार याच्याकडे पोचली. गाड्यांना आयुष्य माणसांपेक्षा जास्त, आणि मालक निवडायची सोय त्यांनाही नाही.

दुसऱ्या हंगामापासून पोर्शे गेली आणि शेवरोले कमॅरो आली. वळणांच्या ट्रॅकबरोबर अंडाकृती ट्रॅक आले, आणि हळूहळू बहुतेक तेच राहिले. इथे पुस्तक थोडं घाईत जातं, आणि ते बरोबरच आहे. १९८१ ते ८३ मालिका बंद होती, मग परत सुरू झाली. या मालिकेच्या नावानं कमॅरोचं एक रस्त्यावरचं मॉडेल १९८५मध्ये बाजारात आलं, आणि अमेरिकेत बऱ्याच जणांना आयरॉक म्हटलं की शर्यत आठवत नाही, ती मोटारच आठवते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. १९८८मध्ये इंडीचा अल अनसर ज्युनियर जिंकला. त्यानंतर २००६मध्ये मालिका मिटेपर्यंत प्रत्येक वर्षी विजेता नॅस्कारचाच. मार्क मार्टिन पाच वेळा, डेल अर्नहार्ट चार वेळा. सगळे जण एकाएकी नॅस्कारवाल्यांपुढे फिके पडले की काय? तसं नाही. गाडी त्यांच्या सवयीची झाली होती आणि मैदान त्यांचं. १९७३मध्ये जे डॉनह्यूच्या बाजूनं होतं, ते आता त्यांच्या बाजूनं. ‘सगळ्यांना सारखी’ ही गाडी कुठे उभी करता, यावर सगळं ठरतं. गादीवर खेळणाऱ्याला मातीत उतरवलं तर नियम तेच राहतात, पण पहिले दोन डाव कुठे जातात ते कुस्ती बघणाऱ्याला सांगायला नको.

या सगळ्या वर्षांतला १९९३चा हंगाम मात्र वेगळा. डेव्ही अॅलिसन, म्हणजे पहिल्या बारांतल्या बॉबी अॅलिसनचा मुलगा, गुणांत पुढे होता. जुलैमध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात तो गेला. एक शर्यत उरली होती. टेरी लाबाँटी त्याच्या जागी गाडीत बसला, गुण डेव्हीच्या खात्यात धरले गेले, आणि त्या वर्षीचं विजेतेपद डेव्ही अॅलिसनच्या नावावर नोंदलं आहे. गाडी सारखी हे आम्ही मान्य केलं होतं. इथे तर चालकही बदलला आणि विजेता तोच राहिला. या प्रकरणावर मला काही म्हणायचं नाही. ते दोनदा वाचा.

पुस्तकाचा दुसरा भाग २०२१च्या उन्हाळ्याचा आहे, आणि मला तो जास्त आवडला. रे एव्हरनॅम आणि टोनी स्टुअर्ट यांनी काही जोडीदार घेऊन ‘सुपरस्टार रेसिंग एक्स्पीरियन्स’ नावाची मालिका काढली. १२ जून ते १७ जुलै, सहा शनिवार, सहा छोटे ट्रॅक, त्यातले दोन मातीचे. आधी दोन छोट्या फेरी-शर्यती, मग मोठी. चालकांत इंडीचे एलिओ कॅस्ट्रोनेव्हिस, टोनी कनान, मार्को आंद्रेटी; नॅस्कारचे बिल इलियट, बॉबी लाबाँटी. बरेच जण पिकल्या केसांचे. पण खरी गंमत एका नियमात होती : प्रत्येक ट्रॅकवर तिथला एक स्थानिक चालक उतरवायचा.

आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडाची ज्याला सवय आहे, त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. बाहेरगावचा नामवंत मल्ल येतो, हलगी कडाडते, आणि गावकरी आपला पोरगा पुढे सारतात. गावाला माहीत असतं की बहुतेक हा पडणार. तरी सगळं गाव फडाभोवती असतं, कारण ‘बहुतेक’ म्हणजे ‘नक्की’ नव्हे. स्टॅफर्ड या कनेटिकटमधल्या ट्रॅकवर, मालिकेच्या पहिल्याच रात्री, डग कोबी या तिथल्या चालकानं सगळ्या नामवंतांना मागे टाकलं. विस्कॉन्सिनमधल्या स्लिंगरला सतरा वर्षांचा ल्यूक फेनहाउस मार्को आंद्रेटीच्या मागोमाग दुसरा आला. नॅशव्हिलला बिल इलियट आणि त्याचा मुलगा चेस एकाच शर्यतीत होते; जिंकला मुलगा. हंगामाचं विजेतेपद स्टुअर्टनं नेलं. म्हणजे ज्यानं फड भरवला त्यानंच मानाची गदा नेली. गावात असं झालं असतं तर चार दिवस कुजबुज चालली असती. पुढच्या वर्षी आंद्रेटी एकही शर्यत न जिंकता विजेता झाला, त्याच्या पुढच्या वर्षी रायन न्यूमन, आणि २०२४चा हंगाम झालाच नाही.

आता आपल्याकडे येऊ, कारण मराठी वाचक विचारणारच. भारतीय चालकाला सारखी गाडी मिळाली तर काय होतं? त्याचं उत्तर देणाऱ्या दोन तारखा या पुस्तकात आल्या आहेत. पहिली १९ जून २००५. नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय, पण जॉर्डन संघाची गाडी तळाची. इंडियानापोलिसला टायरच्या वादातून मिशेलिनवाले सगळे संघ बाजूला झाले, उरल्या फक्त सहा गाड्या, आणि कार्तिकेयन चौथा आला. त्याचे फॉर्म्युला वनमधले सगळे पाच गुण त्या एका दिवसाचे. चालक तोच, हात तेच. समोरच्या चौदा गाड्या गेल्या आणि तो वर सरकला. दुसरी तारीख डिसेंबर २०१२. त्या वर्षी तो एचआरटी संघात होता आणि त्या संघाला हंगामभर एकही गुण मिळाला नाही. हंगाम संपल्यावर तीन आठवड्यांनी तो आणि करुण चंढोक बँकॉकला ‘रेस ऑफ चॅम्पियन्स’मध्ये उतरले. ही स्पर्धा हेन्री टोइव्होनेन या रॅली-चालकाच्या स्मरणार्थ मिशेल मूटों आणि फ्रेड्रिक जॉन्सन यांनी १९८८मध्ये सुरू केलेली. स्टेडियममध्ये शेजारी-शेजारी दोन पट्ट्या, दोघांना एकाच जातीच्या गाड्या. तिथे आशियाई संघांच्या लढतीत भारत पहिला आला. मुख्य स्पर्धेत शूमाकर आणि फेटल यांच्या जर्मनीनं सलग सहाव्यांदा बाजी मारली, ते सोडून द्या.

महाराष्ट्रातही ही कल्पना रुजली आहे, फक्त तिला कुणी नाव दिलं नाही. चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या फोक्सवॅगन पोलो घेऊन २०१०मध्ये पोलो कप सुरू झाला : गाड्या कंपनीच्या, देखभाल कंपनीची, चालकानं यायचं, बसायचं आणि पळवायचं. कोल्हापूरला मोहिते रेसिंगचा कार्टिंग ट्रॅक आहे. तिथल्याच मातीतले कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेले. पुण्याच्या डायना पंडोल यांनी २०२४मध्ये एमआरएफच्या सलून गाड्यांच्या गटात पुरुषांबरोबर पळून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. देशपातळीवर अरमान इब्राहिम आणि आदित्य पटेल या दोघा चालकांनी २०१९मध्ये एक्स-वन लीग काढली. मग २०२२पासून इंडियन रेसिंग लीग आली. तिच्यात एका संघात चार जण, त्यात एक स्त्री असलीच पाहिजे, आणि सगळ्यांना वुल्फ कंपनीची एकच गाडी. हैदराबादला हुसेन सागराच्या काठानं, चेन्नईत रात्रीच्या दिव्यांत शहराच्या रस्त्यांवर तिच्या शर्यती लागल्या. २०२४ची मालिका गोव्याच्या नावाच्या संघानं जिंकली.

आणि आमचं संभाजीनगर? १९८५मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, २००१मध्ये शेंद्र्याला स्कोडा. ऑक्टाव्हिया इथे जुळली, पुढे ऑडीही जुळल्या. २०१०मध्ये शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एकाच सौद्यात घेतल्या. किंमत ६५ कोटींच्या घरात. देशभर बातमी झाली. ज्या शहरात गाड्या बनतात आणि दीडशे-दीडशेच्या लॉटनं विकत घेतल्या जातात, तिथे त्या पळवायला एक धड ट्रॅक नाही. जालना रोडवर पळवू म्हणाल तर तिथे शर्यत फक्त सिग्नलपासून सिग्नलपर्यंत.

धावण्याचं वेड मात्र जुनंच आहे. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, माणसं किती लांबून येतात, ते बघावं. २०१४च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, तेव्हा कैक घरांत बैलांची जोडी परत आली. मला पटाची एक गोष्ट मोटारशर्यतीपेक्षा प्रामाणिक वाटते. तिथे नाव होतं जोडीचं. फलकावर बैलांची नावं मोठी, लोक ओळखतात बैलांना; धुरकरी चांगला असला तरी तो नंतर. फॉर्म्युला वनमध्येही निकालाचा मोठा वाटा गाडीचाच असतो, पण फोटो चालकाचा छापतात. या पुस्तकातल्या सगळ्या मालिका त्या फोटोला खरं ठरवायच्या खटपटीतून निघालेल्या आहेत.

भाषेबद्दल दोन शब्द. लेखकानं ‘चालक’, ‘ड्रायव्हर’ आणि ‘सारथी’ हे तिन्ही शब्द वापरले आहेत आणि कुठे कोणता, याला काही नियम दिसत नाही. ‘सारथी’ मी खोडायला सांगितला होता. कृष्णाशिवाय तो कुणाला शोभत नाही. इंजिनाच्या भागांना त्यानं संस्कृत नावं दिली नाहीत, याबद्दल वाळूजमधला प्रत्येक कामगार त्याचे आभार मानेल.

या प्रस्तावनेचा कच्चा खर्डा झाला त्या रविवारी मी नातवाला घेऊन गो-कार्टिंगला गेलो होतो. तिकीटघरापुढे पोरांची रांग, पलीकडे आठ कार्ट उभ्या, सगळ्या एका कंपनीच्या, एका इंजिनाच्या. तिकीट देणारा म्हणाला, कोणतीही घ्या, सगळ्या सारख्याच आहेत. नातवाचा नंबर आला, आणि तो बाजूला सरला. मागच्या पोराला म्हणाला, तू जा. मग त्याच्या मागच्यालाही. मी विचारलं, अरे, काय झालं? भीती वाटते का?

“नाही हो, आबा,” तो हळूच म्हणाला, “सात नंबरची अजून फिरतेय. ती येऊ दे.”